मदत हवी आहे: अतिवृष्टीच्या यादीत 12 मिमीची मंडळं का येतायत? (ऑक, सॉर्ट, ग्रेप)

मांजराकाठ, लातूर

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा महसूल मंडळनिहाय पाऊस सीएसव्हीत (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी फाईल) आहे. जिल्ह्यामागे एक फाईल, 1 जून ते 30 सप्टेंबर, म्हणजे 122 दिवस. रकाने: तारीख, जिल्हा, तालुका, मंडळ, पाऊस, शेरा. 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झालेली मंडळं वेगळी काढायची आहेत आणि मंडळवार बेरीजही हवी आहे. उबुंटू (लिनक्स) वापरतोय; ऑक रकान्यांवरून ओळी निवडतं, सॉर्ट ओळी क्रमानं लावतं, ग्रेप शब्द शोधतं. $5 म्हणजे पाचवा रकाना. कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, एफ कॅपिटल आहे.

ऑक -एफ, '$5 > 65' परभणी.सीएसव्ही

यात 12 मिमीच्या काही ओळीही येतात, वर शीर्षकाची ओळ येते. बेरीज मात्र रजिस्टरपेक्षा कमी भरते. सॉर्ट -एन (आकड्यांच्या क्रमानं) केलं तर काही मोठे आकडे सगळ्यात वर, शून्यांच्या जोडीला जाऊन बसतात. आणि ग्रेपला 'लोहा' दिलं की लोहाराही येतो. कुठं चुकतंय?

गोदातीर

भाऊ, शीर्षकासाठी आकड्यात शून्य मिळवा: '$5+0 > 65'. मग ऑक तो रकाना आकडा म्हणूनच धरतं. 'पाऊस' या शब्दाची किंमत शून्य होते आणि ती ओळ गळते.

बालाघाट

थांबा, तेवढ्यावर जाऊ नका. आधी चुकून येणारी एक ओळ आणि बरोबर गळणारी एक ओळ, दोन्ही जशाच्या तशा इथं चिकटवा.

मांजराकाठ, लातूर

पहिली यादीत येते, दुसरी येत नाही:

12-08,परभणी,गंगाखेड,राणीसावरगाव,१२.५,
12-08,परभणी,पूर्णा,ताडकळस,12.5,

बालाघाट

मग सगळं इथंच आहे. पहिल्या ओळीतला आकडा देवनागरीत आहे. ऑकच्या लेखी १२.५ हा आकडाच नाही, नुसती अक्षरं आहेत. रकाना आकड्यासारखा दिसला नाही की ऑक तुलना अक्षरांची करतं, आणि देवनागरी अक्षरांचे बाइट इंग्रजी 6 च्या पुढचे असल्यामुळं १२.५ सुद्धा 65 हून 'मोठं' ठरतं. शीर्षक येतं तेही याच कारणानं. बेरीज करताना उलट होतं: तोच रकाना शून्य धरला जातो, म्हणून बेरीज कमी. सॉर्ट -एनही त्याला शून्यच मानतं, म्हणून ते आकडे वर जातात.

गोदातीर यांचा +0 शीर्षकाला बरोबर आहे, पण या फायलीत धोक्याचा. कुठं ७८ मिमी देवनागरीत लिहिलेलं असेल तर तेही शून्य होईल आणि ते मंडळ यादीतून मुकाट्यानं गळेल. जास्तीची ओळ नजरेला पडते, गळालेलं मंडळ कुणाला दिसत नाही. या यादीत ते सगळ्यात वाईट.

म्हणून आधी खराब ओळी शोधा:

ऑक -एफ, '$5 !~ /^[0-9.]+$/' परभणी.सीएसव्ही

पाचव्या रकान्यात इंग्रजी अंक आणि टिंब सोडून काहीही असलं तर ती ओळ दिसेल. देवनागरी अंक, 'निरंक', रिकामा रकाना, आकड्यामागची स्पेस, सगळं. रिकाम्या रकान्याचं काय करायचं ते कागद बघून ठरवा. नोंद नसणं आणि पाऊस नसणं एक नाही.

मग अंक बदला:

सेड 'वाय/०१२३४५६७८९/0123456789/' परभणी.सीएसव्ही > परभणी-साफ.सीएसव्ही

सेड ही मजकूर बदलणारी कमांड, तिचा वाय अक्षराला अक्षर बदलतो. दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही अशी तक्रार आली तर लोकेल (अक्षरं कशी वाचायची ती सेटिंग) सी आहे असं समजा. यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये एक देवनागरी अंक 3 बाइटचा, त्यामुळं तिथं 30 विरुद्ध 10 मोजलं जातं. कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी.यूटीएफ-8 लिहिलं की चालतं. हे काम ट्रला (अक्षरं बदलणारी दुसरी कमांड) देऊ नका. जीएनयूचं ट्र बाइट बाइट बदलतं, सगळी मराठी नावं मोडून ठेवेल.

साफ झाल्यावर खराब ओळींची कमांड पुन्हा चालवा. फक्त शीर्षक उरलं पाहिजे.

गोदातीर

बरोबर, देवनागरी अंकांचा विचार माझ्या लक्षात आला नव्हता. मग शीर्षकासाठी एफएनआर > 1 ठेवा. एनआर नको. दोन्ही ऑकमध्ये ओळीचा क्रमांक सांगतात. आठ फायली एकदम दिल्या तर एनआर फक्त पहिल्या फायलीचं शीर्षक गाळतं, एफएनआर प्रत्येक फायलीत नव्यानं मोजतं.

लोह्याचं उत्तर: ग्रेप तुकडा शोधतं, आणि 'लोहारा'त 'लोहा' आहेच. एक नांदेडचा तालुका, दुसरा धाराशिवचा. दोन्हीकडचे स्वल्पविराम धरून ',लोहा,' शोधा. तालुकाच हवा असेल तर ऑकमध्ये $3 == "लोहा" जास्त पक्कं, कारण लोहा नावाचं मंडळही त्यात मिसळत नाही.

बेरजेला नुसतं मंडळाचं नाव पुरणार नाही, एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. $2, $3, $4 मिळून एक किल्ली करा.

तेरणा

दोन गोष्टी राहिल्या.

दुबार नोंदी: युनिक -डी फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी पकडतं, म्हणून आधी सॉर्ट. आठातल्या काही फायली विंडोजवरून आल्या असतील तर ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं. डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी मग युनिकला वेगळ्या वाटतात. फाइल ही कमांड लावून बघा, सीआरएलएफ असं आलं तर डॉसटूयुनिक्स चालवा. तिथंच यूटीएफ-16 दिसलं तर ग्रेपला मराठी शब्द सापडणारच नाहीत, आधी आयकॉनव्हनं यूटीएफ-8 करा.

सॉर्टचं आउटपुट > नं त्याच फायलीत वळवू नका. शेल आधी फाईल रिकामी करतं, मग सॉर्ट सुरू होतं. सॉर्ट -ओ देऊन त्याच फायलीचं नाव दिलं तर चालतं. आणि पावसावर लावताना -टी, -के5,5एनआर असं लिहा. नुसतं -के5 म्हणजे पाचव्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत.

मांजराकाठ, लातूर

परभणीत देवनागरी अंकांच्या 214 ओळी निघाल्या, त्यातल्या 3 खरोखर 65 च्या वर. नुसतं +0 करून थांबलो असतो तर त्या तीन गेल्याच होत्या. बेरीज आता रजिस्टरशी जुळतेय. शेऱ्यात स्वल्पविराम आहेत, 'ओढ्याला पूर, रस्ता बंद' असे, त्यानं काही बिघडेल का?

बालाघाट

नाही, शेरा शेवटचा रकाना आहे. पहिल्या पाचांवर त्याचा परिणाम नाही.