'काम' या शब्दाच्या मुळाशी सगळीकडे छळ आणि वेठबिगारीच का? (युरोपीय भाषा)

शब्दवेडी

मंडळी, सहा महिन्यांपासून फ्रेंच शिकतेय. काल क्लासमध्ये सर बोलता बोलता म्हणाले की फ्रेंचमध्ये कामाला जो त्रावाय शब्द आहे तो मुळात माणसाचा छळ करायच्या एका साधनाचं नाव होतं, तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. मग बाकीच्या भाषा बघत बसले. स्पॅनिश त्राबाखो आणि पोर्तुगीज त्राबाल्यू ही त्याचीच भावंडं दिसतात, पण इटालियनमध्ये लावोरो, जर्मनमध्ये आर्बाइट, इंग्लिशमध्ये वर्क, रशियनमध्ये रबोता. आई, भाऊ, तीन असले शब्द या भाषांमध्ये किती जवळचे वाटतात, मग काम इतकी रोजची गोष्ट असून प्रत्येकाचं वेगळं का? आणि ती छळाची गोष्ट खरी आहे का?

जुनी_पोथी

बरीचशी खरी आहे, पण थोडी जपून घ्या. लॅटिनमध्ये त्रिपालियम असा शब्द होता, त्रि म्हणजे आपलंच त्रि आणि पालुस म्हणजे खांब, तर तीन खांबांचं काहीतरी. सहाव्या शतकात फ्रान्समधल्या ओसेर इथे ख्रिस्ती धर्मसभा भरली होती, तिच्या नियमांत स्पष्ट आहे की आरोपींचा जिथे छळ होतो त्या त्रेपालियमपाशी धर्मगुरूंनी उभं राहू नये. म्हणजे ते साधन काल्पनिक नाही. त्यावरून क्रियापद झालं, छळणं, मग स्वतः कष्ट सोसणं आणि मग काम करणं, असा प्रवास सांगतात. काही अभ्यासकांना हा धागा इतका सरळ वाटत नाही, ते इतर मुळंही सुचवतात. फ्रेंचमध्ये आजही त्रावाय म्हणजे नाल ठोकताना बैल किंवा घोडा हलू नये म्हणून त्याला ज्या खांबांच्या चौकटीत अडकवतात ती चौकट, आणि गंमत म्हणजे कामाचं अनेकवचन त्रावो होतं पण या चौकटीचं अनेकवचन त्रावायच राहतं.

जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ यातना, विशेषतः बाळंतपणाच्या कळा, याबद्दल मात्र वाद नाही. इटालियनमध्ये त्रावाल्यो म्हणजे अजून प्रसूतिवेदनाच. इंग्लिश ट्रॅव्हल पण इथूनच आलाय बरं का, त्या काळी प्रवास म्हणजे जीव काढणारं कामच होतं.

लावोरो मात्र वेगळ्या घरातला, लॅटिन लाबोर म्हणजे कष्ट, आपण दवाखान्यात लेबर रूम म्हणतो तोच शब्द. त्याच लाबोरवरून फ्रेंचमध्ये लाबुरे झालं आणि त्याचा अर्थ उरला फक्त नांगरणं, स्पॅनिशमध्येही लाब्रार म्हणजे शेत कसणं. शब्द त्रासापासून निघून शेतात जाऊन थांबला.

पूर्वेची_खिडकी

जर्मनबद्दल मी लिहिते, कारण इथे आपल्या मराठीचा एक शब्द येतो आणि तो कळला तेव्हा मला खूप आनंद झाला होता. जुन्या जर्मनमध्ये आर्बाइट म्हणजे हालअपेष्टा, संकट. त्याचं मूळ ज्या आदिम धातूत (म्हणजे शब्दाच्या मूळ रूपात) मानतात त्याचा अर्थ पोरका होणं, आणि त्याच कुळात ग्रीक ऑर्फानोस म्हणजे इंग्लिशमधला ऑर्फन आणि आपलं अर्भक हे धरतात. पोरकं मूल दुसऱ्याच्या घरी राबायचं, त्यावरून राबणं हा अर्थ आला असावा असं समजतात. स्लाव्ह भाषांमध्ये याच कुळातून राब म्हणजे गुलाम, आणि त्यावरून रशियन रबोता. पोलिशमध्ये रोबोता हा बोलीतला शब्द, रीतसर शब्द प्रात्सा. चेक लोक कामाला प्राचे म्हणतात आणि रोबोता म्हणजे त्यांच्याकडे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायची सक्ती, आपली वेठबिगारीच.

आता रोबोट. चेक लेखक कारेल चापेकने १९२० मध्ये आर.यू.आर. हे नाटक लिहिलं, त्यातल्या कृत्रिम कामगारांना तो लाबोरी म्हणणार होता, त्याचा चित्रकार भाऊ योसेफ म्हणाला मग रोबोटी म्हण. पण शब्द त्याच्या आधीही सरकारी कागदांवर होता. १७७५ मध्ये बोहेमियात (आजच्या चेक देशाचा भाग, तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात) वेठीचे दिवस आठवड्याला जास्तीत जास्त तीन ठरवणारा फर्मान निघाला, त्याचं जर्मन नाव रोबोटपाटेंट. तिथे रोबोट म्हणजे माणसाने द्यायची वेठ. ती पद्धत ऑस्ट्रियन साम्राज्यात १८४८ मध्ये संपली, म्हणजे नाटक आलं तेव्हा ज्यांच्या आजोबांनी ती वेठ भोगली होती असे लोक प्रेक्षकांत सहज असतील.

शब्दवेडी

अर्भक!! हे अजिबात माहीत नव्हतं, अंगावर काटा आला. मग वर्कचं काय, त्यातही असाच दुःखाचा इतिहास आहे का?

जुनी_पोथी

नाही, आणि मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. काही शब्द कष्टाचे असतात आणि काही घडवण्याचे, आणि रोजच्या कामाला प्रत्येक भाषेने आपापल्या इतिहासातून यातला कुठला तरी उचलला. वर्क दुसऱ्या गटातला. ग्रीक एर्गोन त्याचाच भाऊ, त्यावरून एनर्जी, सर्जरी म्हणजे हाताचं काम, जॉर्ज हे नाव म्हणजे जमीन कसणारा. रॉट आयर्न म्हणतो ना, त्यातलं रॉट हे वर्कचंच जुनं भूतकाळी रूप, घडवलेलं लोखंड. लॅटिनमध्ये घडवलेल्या कामाला ओपुस, त्याच्या अनेकवचनातून ऑपेरा, आणि वेदातलं अपस् म्हणजे काम, हे त्याचंच नातलग. फ्रेंच कामगार उव्रिए म्हणतो तो याच ओपेरावरून. जर्मनमध्ये दोन्ही शेजारी नांदतात, आर्बाइट म्हणजे राबणं आणि व्हेर्क म्हणजे हातून तयार झालेली वस्तू किंवा कलाकृती.

निळी_शाई

उशिरा आलो, तीन भर घालतो. हंगेरियन भाषा वरच्या सगळ्या भाषांच्या कुळातली नाहीच, तरी त्यांचा मुंका हा कामाचा शब्द शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून घेतलेला आहे आणि तिकडे त्याचा अर्थ यातना. रोमानियनने पण तोच शब्द घेतला, त्यांच्या जुन्या भाषेत त्याच्या क्रियापदाचा अर्थ सरळ छळणं असा होता. आणि ग्रीक शिकणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. आजच्या ग्रीकमध्ये काम म्हणजे दुल्या, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. तेच शब्दाच्या मधल्या ई वर जोर देऊन दुलीया म्हटलं की अर्थ होतो गुलामगिरी. लिहिताना अक्षरं तीच, फक्त डोक्यावरची छोटी रेघ एक अक्षर मागे सरकते.