अनुभव धागा : नाण्यांच्या टेबलावरची कामं, ज्याची त्याने लिहावी

चिल्लरवाला (धागाकर्ता)

आपल्या नागपूरच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत टेबलं वाटलेली आहेत. एकाकडे काटा, एकाकडे भिंग, एकाकडे अदलाबदल. नवीन माणूस आला की प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. म्हणून हा धागा. ज्याच्याकडे जे टेबल, त्याने तिथली पद्धत लिहायची. आजोबांची पेटी, पहिलं नाणं कसं हाती आलं, हे इथे नको. त्यासाठी चहाची वेळ आहे. ग्रॅम, मिलिमीटर, किती वेळ लागतो, कुठे चुकतं आणि काहून चुकतं, एवढंच. "याचे किती येतील?" विचारणाऱ्याने आधी वजन लिहावं.

काटेवाला, इतवारी

राणीछाप कलदार (व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया) हातात आला की लोक फरशीवर टण्णकन आपटून आवाज ऐकतात. त्याने कडेला घाव बसतो आणि किंमत तिथेच उतरते. आवाज बंद, काटा सुरू.

१८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच रुपया पाडायला घेतला: ११.६६ ग्रॅम, म्हणजे सराफ्यातला एक तोळा. चांदी ९१.७ टक्के, व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. वापरून झिजलेला ११.४ भरला तरी चालतो. नक्षी कोरी दिसते आणि वजन ११ च्या खाली आहे, तर बाजूला ठेवा.

पण वजन जुळवणारे नकली रुपयेही येतात, जर्मन सिल्व्हरचे (तांबं, निकेल, जस्त; चांदी नाहीच) थोडे जाड करून. त्यासाठी पाण्याची चाचणी. लागतो तो ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, प्लास्टिकचा पेला, शिवणाचा बारीक दोरा.

नाणं कोरडं असताना वजन घ्या. पेल्यात अर्ध्याच्या वर पाणी भरून काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. हे छोटे काटे बहुधा २०० ग्रॅमपर्यंतच जातात, म्हणून स्टीलचा ग्लास नको, त्याचंच वजन खूप. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्या नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

११.६६ चा चांगला रुपया बुडवल्यावर १.१३ च्या आसपास दाखवतो, घनता १०.३. दुसऱ्या महायुद्धातला, निम्म्या चांदीचा रुपया १.२२ दाखवतो, घनता ९.५. जर्मन सिल्व्हरचा १.३५ च्या घरात जातो. एवढा फरक हा काटा आरामात पकडतो.

चुका तीनच. नाण्याला बुडबुडे चिकटतात आणि आकडा वाढतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. दोरा जाड घेतला की तो स्वतःच पाणी सारतो. आणि तिसरी आपल्या गावची: कूलर सुरू ठेवून मोजणं. वाऱ्याने आकडा नाचत राहते. मे महिना असला तरी पाच मिनिटं पंखा-कूलर बंद.

सव्वा तोळा

वरच्यात एक भर. चुंबक लावून "चिकटला म्हणजे नकली" म्हणणाऱ्यांनी १९४७ चा वाघाचा रुपया बाद करू नये. तो शुद्ध निकेलचा आहे, चिकटायलाच पाहिजे. तो चिकटला नाही, तर संशय घ्या.

दहापट भिंग

१९३९ चा रुपया कमी सापडतो, म्हणून दुसऱ्या सालाचा आकडा खरवडून ३९ करतात. तीन गोष्टी बघा. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन (नाण्याचा सपाट भाग) बाकी जमिनीपेक्षा वेगळी चमकते का. तिरपा उजेड टाकला की खरवडलेलं लगेच कळतं. कडेचे दाते बघा: १९४० पासून निम्म्या चांदीचा रुपया आला, त्याच्या कडेला दात्यांच्या मधून खाच फिरवलेली आहे, ती ३९ वर असता कामा नये. आणि काटेवाल्यांकडे जाऊन १.१३ की १.२२ ते बघून घ्या. मात्र मूळ नाणं १९३८ चं असेल तर कड आणि धातू दोन्ही जुळतात. तेव्हा फक्त भिंगच कामाचं.

१९११ च्या रुपयाचंही तसंच. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून १९१२ पासून तो बदलला. तेव्हा १९११ म्हणून देतील तर साल नंतर वाचा, आधी हत्ती बघा. सोंड नीट, ठळक आणि साल मात्र १९११? परत द्या.

व्हिक्टोरियाच्या रुपयावरचं १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं. म्हणून १८६२ चे रुपये ढिगाने दिसतात आणि "अठराशे बासष्टचा आहे" एवढ्याने काहीच होत नाही. पुढून "क्वीन" की "एम्प्रेस" वाचा. एम्प्रेस १८७७ पासून.

कोरडा डबा

जपणुकीचं टेबल माझ्याकडे आहे, थोडं सविस्तर लिहितो.

नागपुरात सगळे पावसाळ्याला भितात आणि उन्हाळ्यात निर्धास्त राहतात. उलटं आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा कोरडीठण्ण, पण ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो तिथली हवा जुलैसारखी ओली असते. आणि संग्रहाचं कपाट नेमकं त्याच खोलीत, कारण बसायची खोली तीच. कपाट कूलरच्या खोलीतून काढा. एवढ्या एका बदलाने तांब्याच्या नाण्यांवरचे निम्मे हिरवे डाग थांबतात.

पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरे. नारंगी घ्या, निळं नको. निळ्यात कोबाल्ट असतं. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास. कढईत भाजू नका, दाणे तडकतात आणि त्याची भुकटी नाण्यांवर बसते. डब्यात आर्द्रतामापक टाका, आकडा ४० टक्क्यांच्या खाली राहू द्या.

मऊ, लवचीक, वास येणारी पारदर्शक पाकिटं म्हणजे पीव्हीसी. वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. नाणी मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) खिडकीच्या पुठ्ठा-होल्डरमध्ये किंवा कडक कॅप्सूलमध्ये ठेवा. चांदीच्या गड्डीला रबरबँड कधीही नाही. रबरातल्या गंधकाने पट्टाच्या पट्टा काळा पडतो. वर्तमानपत्रात गुंडाळणंही तेवढंच वाईट.

पवनीकर

शिशाच्या सातवाहन नाण्यांसाठी वेगळं लिहायलाच पाहिजे. शिसं लाकडाच्या वाफेने मरते. प्लायवूड, एमडीएफ, नवीन सागवान, सगळ्यातून आम्लाची वाफ निघत राहते, आणि बंद खणात शिशावर पांढरी भुकटी फुटते. ती पुसली की नाण्यावरचा हत्तीही तिच्याबरोबर जातो. शिसं फक्त प्लास्टिकच्या किंवा धातूच्या डब्यात, पुठ्ठ्याच्या होल्डरमध्येसुद्धा नाही. हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका.

पोटिनची (तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण) गोष्ट निराळी. ते ठिसूळ असते. टेबलावर गादी नसली आणि हातातून सुटलं तर दोन तुकडे. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सापडलेला साठा पोटिनचाच, हजारावर नाणी. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही नावं त्या साठ्यामुळे कळली. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली.

ओळखायची खूण: एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि वरून फिरणारी ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. अक्षरं अर्धी नाण्याबाहेर गेलेली असतात. "रञो सिरि" एवढंच दिसलं तर राजाचं नाव ठरवायच्या भानगडीत पडू नका. सारख्या छापाची चार-पाच नाणी एकाच मापाचे फोटो काढून शेजारी लावा. एकावर सुरुवात मिळते, एकावर शेवट.

हीच युक्ती भोसल्यांच्या रुपयाला. लोक त्यावर देवनागरीत "भोसले" शोधून राहिले असतात. मजकूर फारसीत आहे आणि नाव मुघल बादशहाचं. त्यातही ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण ओळ येतच नाही.

दुदांडी

शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचं, थोडक्यात. एकीकडे तीन ओळींत श्री / राजा / शिव, दुसरीकडे छत्र / पति. महाराजांनंतरही ती खूप काळ पाडली गेली, म्हणून "शिवकालीन" हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडून ऐकला की सोडून द्या. सोन्याचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतो आणि बाजारात त्याचे ओतीव नकली ढीगभर आहेत. ओतीव ओळखायचं कडेवरून: मध्ये जोडरेष, नाहीतर ती घासून काढल्याची सपाटी. अक्षरांच्या मुळाशी बारीक खड्डे असतात आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी गुळगुळीत.

राम दरबाराचं चित्र, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ हे साल, असा जो "आणा" येतो तो कंपनीने कधीच काढला नाही. दर बैठकीत एक तरी येतोच.

सफाई नको

चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्याची पावडर, टूथपेस्ट: सगळ्याला नाही. दीडशे वर्षांचा तांब्याचा रंग पाच मिनिटांत गुलाबी होतो आणि परत येत नाही.

पीव्हीसीचा चिकट थर मात्र काढावाच लागतो. शुद्ध ॲसिटोन, काचेची वाटी, झाकण. दहा मिनिटं बुडवा, ॲसिटोन बदला, पुन्हा दहा मिनिटं, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि मऊ सुती कापडावर टेकवून वाळवा. घासायचं नाही. नखांचं रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. खिडकी उघडी, गॅस बंद.

तांब्यावर फिकट हिरवी भुकटी आली, नखाने उडते आणि आठवड्याने परत येते, तर तो क्लोराइडचा रोग आहे, रंग नव्हे. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून रोज पाणी बदला. महिना लागला तर महिना. मग पूर्ण वाळवून सिलिकाच्या डब्यात. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतंच.

चिल्लरवाला

मधेच माझ्या टेबलाचं. चालू नाण्यांत टांकसाळीची खूण सालाच्या खाली बघायची: ठिपका नोएडा, तारा हैदराबाद, चौकट म्हणजे हिरा मुंबई, काहीच नाही ती कोलकाता. १९८५ च्या रुपयावर सालाखाली "एच" दिसला तर तो बर्मिंगहॅमला पाडलेला. सालानुसार आणि खुणेनुसार तक्ता करा, चार रकाने. रिकामे चौकोन भरत बसण्यात खरी मजा आहे आणि खर्च शून्य.

दहाच्या नाण्यावर दहा रेघा की पंधरा, हा वाद थांबवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तेव्हापर्यंतचे चौदाही प्रकार चालतात.

खिडकीजवळ

मोबाइलने ओळखीसाठी फोटो पाठवताना: नाणं पाकिटातून बाहेर, राखाडी कागदावर, शेजारी पट्टी. मोबाइल २० सेंमी वर, दोनपट झूम. जवळ नेला की मोबाइलचीच सावली पडते. फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने, घड्याळाच्या दहाच्या दिशेने. तीन फोटो: दोन बाजू आणि कड. कडेचा फोटो कोणीच पाठवत नाही आणि निर्णय बहुतेक तिथेच होतो.

प्रदर्शनाची पेटी

शाळेत मांडायचं असेल तर सहा फुटी टेबलाला ६० नाणी पुरे, जास्त ठेवली की पोरं वाचत नाहीत. लाल मखमल नको, रंग सुटतो. लोकरी फेल्ट नको, चांदी काळी पडते. पॉलिथिलीन फोमच्या ५ मिमी शीटमध्ये भोकं पाडा, कॅप्सूलच्या मापापेक्षा १ मिमी मोठी. वर ३ मिमी ॲक्रिलिक, स्क्रूने बंद. शेजारी मागच्या बाजूचा दुप्पट मोठा फोटो. चिठ्ठीवर धातू, वजन, साल, टांकसाळ आणि एक ओळ. एका टेबलाला दोन माणसं. एक बोलेल, दुसरा बघेल.

अदलाबदल

एका सदस्याचे एका बैठकीत दहाच लॉट. प्रत्येक पाकिटावर क्रमांक, वजन आणि दोष: भोक बुजवलेलं, टाका काढलेला, घासलेलं. दागिन्यातून सुटलेल्या कलदारावर घड्याळातल्या बाराच्या जागी टाक्याची खूण असते, भिंगाने कड बघा. दोष न लिहिलेलं नाणं पुढच्या बैठकीपर्यंत परत करता येतं, लिहिलेलं नाही.

कायद्याचं

जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून "शेतात नांगराला लागली" असं सांगणाऱ्याकडून टेबलावर काही घ्यायचं नाही, कितीही छान असली तरी. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही. चालू नाणी वितळवणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी "कमिशन" मागणारा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नाही, असं तिने २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

नवीन सदस्य

पुठ्ठ्याच्या होल्डरमधून नाणं काढताना ओरखडा पडतो. स्टेपल ओढायची की पुठ्ठा कापायचा?

कोरडा डबा

दोन्ही नाही. सपाट पकडीने मागचे पाय सरळ करा, मग पुढून उपसा. तिन्ही बाजू सुटल्यावर होल्डर पुस्तकासारखा उघडतो आणि नाणं तळहातावर पडू द्या. मायलर पंक्चर करायला गेलात की स्टेपलचं टोक नेमकं राणीच्या गालावरून जातं. नवीन लावताना सगळ्या स्टेपल पकडीने दाबून चपट्या करा, नाहीतर पेटीत शेजारच्या होल्डरची खिडकी फाटते. आणि स्टेपल स्टेनलेसच्या घ्या, साध्या असल्या की ऑगस्टपर्यंत गंजतात.