50 मीटरसाठी जुनी आन्शुट्झ घ्यावी का?

नवीप्रोन_कोल्हापूर
चार वर्षं 10 मीटर एअर खेळले, आता 50 मीटर थ्री पोझिशनकडे (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) वळतेय. क्लबची .22 रायफल आठवड्यातून दोनदाच हाती लागते. एक सिनियर दादा त्यांची आन्शुट्झ 1913 विकतायत. नळीवर हरणाच्या शिंगाचा छाप आणि शेजारी के, एफ अशी अक्षरं आहेत. बाबा म्हणतात, थोडं थांबू आणि नवी वॉल्थर केके 500 घेऊ. दादांनी त्यांची टार्गेट्स दाखवली, दहाच दहा! पण रायफल खरंच अचूक आहे हे मी कसं ओळखायचं?

जुना_खोड
शिंग हा उल्मच्या चाचणीगृहाचा छाप. अक्षरांत साल असतं: ए म्हणजे 0, बी 1, असं मोजायचं, जे वगळायचं. के 9, एफ 5. म्हणजे नळी 1995 ची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, शिशाच्या गोळीने नळी लवकर झिजत नाही. खराब होते ती दोन जागी. एक, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) अगदी पुढे, जिथे जळक्या मळाची कडी धरते. दुसरी तोंडाशी, कुणी पुढून क्लीनिंग रॉड घुसडला असेल तर. बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत डोकावायची दुर्बीण, मिळाला तर दोन्ही बघा.

दादांची टार्गेट्स दादांची आहेत, रायफलची नाहीत. स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) काढा, बॅरल-अॅक्शन, म्हणजे नळी आणि बोल्टचा भाग, क्लॅम्पमध्ये धरा आणि एकेका लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, दहा-दहा गोळ्या मारा. दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं, गोळी 5.6 मिमीची, रेषेला शिवली तरी दहा. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिमीच्या आत हवा. एवढी जागा तुमच्या हाताच्या चुकीलाही लागते, म्हणून क्लॅम्पमधला ग्रुप (दहा छिद्रांचा पुंजका) याच्या बराच आत बसायला हवा.

आणि लॉट म्हणजे लॉट, ब्रँड नव्हे. रिमफायरमध्ये, म्हणजे .22 च्या काडतुसांत, स्फोटक काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं, आपल्याला रीलोड करून काही सुधारता येत नाही. वेग साधारण 330 मीटर प्रतिसेकंद. त्यात एक टक्का फरक पडला तरी 50 मीटरवर गोळी दोन-अडीच मिमी वरखाली होते. मी एकदा सगळ्यात महागड्या गोळ्यांचे दोन कार्टन न तपासता घेतले. माझ्या नळीने त्यांना तोंड वाकडं केलं. त्याच कंपनीच्या स्वस्त डबीतला एक लॉट मात्र तिला असा मानवला, की पुढचा अख्खा सीझन त्यावरच काढला. बायको अजून त्या दोन कार्टनांवरून टोमणे मारते.

तिरकीमान
खोडकाका, नळीचं सगळं बरोबर, पण ती पोरगी आहे हो. त्या स्टॉकवर दादांची मान बसलीय, तिची नाही. गालपट्टी, बटप्लेट (खांद्याला टेकते ती), तिचा हूक किती सरकतात ते आधी बघा. नियमात आठ किलोपर्यंत चालते म्हणून आठ किलोचीच घ्यायला हवी असं कुठे आहे? नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) दहा मिनिटं नुसती धरून बसा. डावा हात कळवळला तर उत्तर मिळालं.

जुना_खोड
मान्य. स्टॉक नंतर बदलता येतो, नळी महाग पडते, एवढाच माझा मुद्दा. स्टॉक परत लावताना बेडिंगचे स्क्रू (नळी-अॅक्शन स्टॉकला धरणारे) टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराच्या पान्यानेच, कसा, दर वेळी सारखेच. अंदाजाने आवळले की ग्रुप सरकतो आणि लोक गोळीला शिव्या घालतात.

कागदोपत्री
ताई, एअरला परवाना लागत नव्हता, .22 ला लागतो. कागद हातात येईपर्यंत इसार देऊ नका.

नवीप्रोन_कोल्हापूर
काल टेस्ट झाली, तीन लॉट. मध्यापासून मध्यापर्यंत पहिला 21 मिमी, दुसरा 18, तिसरा 13! तिसरा लॉट दादांच्याच कपाटातला, उरलेल्या दोन डब्या. नीलिंगही धरून बघितलं, हात कळवळला नाही, पण हूक एक बोट कमी पडतोय. बाबा आता विचारतायत, त्या लॉटच्या अजून डब्या कुठे मिळतील?