सल्ला हवा आहे: हरणांच्या शिकारीचा सीझन आणि पहाटे फिरायला जाणारे बाबा (पेन्सिल्वेनिया)

नवा_गडी
नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही एडिसन सोडून पेरी काउंटीत, हॅरिसबर्गच्या पलीकडे घर घेतलं. तीन एकर जागा, घर साधारण मधोमध, मागे ओकचं रान. त्यापुढे शेजाऱ्याची जमीन आणि त्याच्याही पुढे स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी खुली सरकारी जंगलं. "हरणं अंगणात येतात" असं एजंटने कौतुकाने सांगितलं होतं. हरणांच्या मागून कोण येतं, ते काही बोलला नाही.

सध्या साताऱ्याहून आई-बाबा आलेत, जानेवारीपर्यंत आहेत. बाबांचा पहाटेचा फेरफटका चुकत नाही. तपकिरी स्वेटर, पांढरा लेंगा, कानाला पांढरा मफलर. गेल्या शनिवारी मागच्या रानात एका झाडाला शिडी लावून बांधलेली बैठक दिसली, खाली बिअरचे रिकामे डबे. आम्ही कुणालाही परवानगी दिलेली नाही. शेजारीही कानावर हात ठेवतो.

नक्की किती घाबरायचं? बाबांनी काय घालावं? ती बैठक उतरवून टाकू का? आणि मुलगी सकाळी अंधारातच बसस्टॉपवर उभी असते, तिच्यासाठी काय करावं?

डोंगरवाट
आधी तो मफलर आणि लेंगा बदला, बाकी सगळं नंतर. तिथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल. बिथरलं की शेपूट वर करून पळतं आणि शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. झाडीतून हलणारं तपकिरी अंग आणि त्यावर पांढरा ठिपका, हेच शिकारी शोधत असतो. बाबांचा पोशाख नेमका तोच आहे.

फ्लुरोसंट नारिंगी टोपी आणि जॅकेट घ्या. वॉलमार्टमध्ये शिकारीच्या सामानाच्या रांगेत स्वस्तात मिळतं. हरणाला नारिंगी आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे शिकाऱ्यांचीही तक्रार नसते. तेही तेच घालून बसतात.

पुणेरी_तिरका
भगवं उपरणं चालेल की! घरात असेलच. 🙂

डोंगरवाट
गंमत सोडा, पण हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय. भगवं चालत नाही. साधा केशरी रंग संधिप्रकाशात मातकट दिसतो आणि नोव्हेंबरात सगळा पालापाचोळा त्याच रंगाचा असतो. फ्लुरोसंट कापड डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून नारिंगी उजेड बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ पहाटेही ते उठून दिसतं. रस्त्यावरच्या कामगारांचं पोपटी जॅकेटही इथे नको, ते झाडीत मिसळतं.

बारा_बोअर
या विषयावर मीच बोलायला हवं, कारण मी त्यांच्यातला आहे. मूळचा चंद्रपूरचा, आता कार्लाइलजवळ राहतो, लायसन्स काढून दरवर्षी शिकारीला जातो. ज्यांना पटत नाही त्यांनी मला वेगळ्या धाग्यावर झोडपावं, इथे नको.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जंगलात बंदूक म्हणजे एक तर वनखातं नाही तर चोरटा. त्यामुळे इथे नारिंगी जॅकेटातला बंदूकवाला दिसला की आपली छाती धडधडते. खरं तर तो दिसतोय हीच चांगली गोष्ट आहे. आत्ता, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिरंदाजीचा सीझन चालू आहे आणि त्यांना नारिंगी घालायची सक्ती नाही. तुमच्या झाडावरची बैठक बहुधा अशाच कुणाची असणार. पण तिरंदाज जवळूनच, नीट पाहून मारतो. बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) शनिवारी उघडतो. २०१९ च्या आधी तो सोमवारी उघडायचा आणि गावाकडच्या बऱ्याच शाळा त्या दिवशी सुट्टी द्यायच्या, इतका तो इथला सण आहे. पुढचे साधारण दोन आठवडे सांभाळायचे, त्यातही पहिला दिवस. वर्षभर बंदुकीला हात न लावलेले लोकही त्या दिवशी रानात असतात.

आता कायद्याचं. लोकवस्तीच्या घरापासून १५० यार्डांत, म्हणजे ४५० फुटांत, घरात राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यबाणासाठी ते अंतर ५० यार्ड आहे. जमीन कुणाची याच्याशी या नियमाचा संबंध नाही. तीन एकरांच्या चौकोनी तुकड्याची बाजू ३६० फुटांच्या आसपास भरते. घर मधोमध असेल तर तुमची सगळी जागा त्या पट्ट्यात येते आणि शेजाऱ्याच्या जमिनीचाही बराच भाग येतो. म्हणजे शेजाऱ्याने कुणाला हो म्हटलं, तरी त्या भागात बंदूक चालवायला तुमचा होकार लागतो. हे शेजाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. त्याच्याकडे काहीतरी गोड घेऊन जा आणि सांगा.

बैठक स्वतः उतरवू नका. फोटो काढा आणि गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या शिकार आणि वन्यजीव खात्याला, फोन करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत बैठक बांधणं गुन्हा आहे, त्यांचा अधिकारी, गेम वॉर्डन, येऊन बघतो. कुणी शिडीवर बसलेलं असेल तर खालून वाद घालायचा नाही. माणूस वर, हातात हत्यार, खाली बिअरचे डबे. बोलायचं काम वॉर्डनचं.

कार्तिकी_पिट्सबर्ग
बारा_बोअर यांचं ज्ञान मान्य, पण मी स्पष्ट सांगते. त्या दोन आठवड्यांत रानाकडे फिरकूच नका. कायदा असला की गोळी थांबते असं नाही. १९८८ साली मेन राज्यात बँगोरजवळच्या हर्मन गावात जुळ्या तान्ह्या मुलींची आई घराच्या मागच्या अंगणात उभी होती. हातात पांढरे मिटन्स, म्हणजे लोकरी हातमोजे, होते. शिकाऱ्याने हरीण समजून गोळी झाडली आणि ती गेली. पुढे ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. वर गावातलेच लोक म्हणत होते, नोव्हेंबरात पांढरं घालून बाहेर पडायचंच कशाला! मी ते वाचलं तेव्हापासून आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात फिरणं फक्त मॉलमध्ये.

बारा_बोअर
ती केस इथल्या प्रत्येक शिकाऱ्याने वाचायला हवी. त्यानंतर मेनने कायदा बदलला. लक्ष्य काय आहे याची खात्री न करता गोळी झाडणं हाच तिथे आता गुन्हा आहे. आणि दोष मिटन्सचा नव्हता, हे मी शिकारी म्हणून सांगतो.

बेपर्वा शिकारी कसा ओळखायचा? जो दुर्बीण न वापरता बंदुकीवरच्या स्कोपमधूनच इकडेतिकडे बघतो. म्हणजे काय आहे ते कळायच्या आधीच त्याने नळी तुमच्यावर रोखलेली असते. जो टेकडीच्या माथ्यावरच्या हरणावर गोळी झाडतो. मागे माती नाही, नुसतं आभाळ, आणि रायफलची गोळी मैल-दोन मैल सहज जाते. जो आवाजावर किंवा हालचालीवर मारतो. बहुतेकदा अशांची गोळी त्यांच्याच सोबत्याला किंवा स्वतःलाच लागते, वाटसरूला क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, म्हणून कार्तिकीताईंची भीती मी उडवून लावणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे हाक्याची. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांतला हाका इथे अजून चालतो. दहा-बारा जण रांगेने ओरडत रान तुडवतात आणि पुढे बंदूकवाले वाट बघत उभे असतात. असा गलका ऐकू आला तर आधी मोठ्याने आवाज द्या आणि लगेच रस्त्याकडे निघा. त्या दोघांच्या मध्ये सापडायचं नाही.

पुणेरी_तिरका
मग बाबांनीच थाळी बडवत फिरावं. हरणं पळतील, शिकारी कंटाळून घरी जातील.

बारा_बोअर
आपल्या जागेत खुशाल बडवा. पण गेम लँडवर शिकाऱ्याला अडवायच्या हेतूने असं केलं तर तोच तुमच्यावर तक्रार करू शकतो. कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा इथे गुन्हा आहे. फोनवर काकडआरती लावून रस्त्याने चालणं मात्र उत्तम. माणसाचा आवाज हीच माणसाची खूण. हेडफोन नकोत.

सुगरण_लँकेस्टर
आम्ही वर्षानुवर्षं याच दिवसांत ट्रेल्सवर जातो, फक्त रविवारी. पेन्सिल्वेनियात रविवारी शिकार बंद असते, तेव्हा रविवार निर्धास्त.

डोंगरवाट
ताई, हा सल्ला आता जुना झाला. २०२० पासून वर्षातले तीन रविवार खुले होते आणि २०२५ मध्ये सरसकट बंदीच उठवली. कोणते रविवार खुले हे गेम कमिशन ठरवतं, त्यांच्या साइटवर दर सीझनचं वेळापत्रक येतं. ते बघितल्याशिवाय निघू नका. स्टेट पार्क म्हणजे शिकार नाही, असंही समजू नका. बऱ्याच पार्कांत परवानगी असते.

गेम लँड्सवर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर शिकार न करणाऱ्यांनाही नारिंगी घालणं बंधनकारक आहे. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच, नाही तर चहूबाजूंनी दिसणारी नारिंगी टोपी. ॲपलेशियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट पेन्सिल्वेनियात बरीचशी गेम लँड्समधूनच जाते, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनाही हे लागू. कुत्रा असेल तर त्यालाही नारिंगी जॅकेट आणि गळ्यात घंटा.

नवा_गडी
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय रस्त्यावरचा मजूर आहे?" आईने हर्मनची गोष्ट ऐकवली, तेव्हा जॅकेट मुकाट्याने अंगात गेलं. पण वेळ बदलायला तयार नाहीत, साडेसहा म्हणजे साडेसहा. आणि बसस्टॉपचं राहिलंच.

बारा_बोअर
वेळेचं मी त्यांना शिकाऱ्याच्या बाजूने सांगतो. गोळी झाडायला परवानगी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. हरणं सर्वांत जास्त हलतात तीही पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे साडेसहा-सात ही उजेड कमी, हरणं जास्त आणि शिकारी सर्वांत अधीर अशी वेळ. दहाला निघा म्हणावं, ऊनही लागेल. तेवढे दोन आठवडेच.

मुलीच्या दप्तराला नारिंगी कव्हर आणि डोक्याला नारिंगी लोकरीची टोपी. पण बसस्टॉपवर मला गोळीपेक्षा गाडीची भीती जास्त वाटते. नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ, नर शुद्धीवर नसतो, सरळ रस्त्यावर येतो. चालकांची तारांबळ उडते. मुलीला रस्त्याच्या कडेपासून चांगलं आत उभं करा. तुम्ही स्वतः गाडी चालवताना हरीण आडवं आलं तर ब्रेक दाबा, चाक वळवू नका. एक गेलं की त्याच्या मागे दुसरं असतंच.

कार्तिकी_पिट्सबर्ग
जागेच्या हद्दीवर पाट्या लावल्यात का?

नवा_गडी
नाही. पाट्या लोक फाडतात असं शेजारी म्हणाला.

बारा_बोअर
मग रंग मारा. २०२० पासून पेन्सिल्वेनियात झाडावरचा जांभळा पट्टा म्हणजे "प्रवेश बंद" असं कायदा मानतो. फिलाडेल्फिया आणि ॲलेगनी काउंटी वगळून. पट्टा उभा, किमान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर, आणि दोन पट्ट्यांत १०० फुटांपेक्षा जास्त अंतर नको. एका दुपारचं काम आहे, बाबांनाही सोबत घ्या.

एक विनंती शिकाऱ्यांच्या वतीने. कुणी दारात येऊन "जखमी हरीण तुमच्या जागेत शिरलंय, शोधू का?" असं विचारलं, तर बंदूक रिकामी करायला सांगून जाऊ द्या. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण जनावर रानात तडफडत राहण्यात कुणाचंच भलं नाही. जो विचारायला येतो, तो त्या बिअरवाल्यातला नसतो.

नवा_गडी
वॉर्डन येऊन गेला. बैठकीवर मालकाचं नाव-पत्ता काहीच नव्हतं, त्याने नोंद करून घेतली आणि उतरवायची व्यवस्था करतो म्हणाला. जांभळा रंग आणलाय. शेजाऱ्याला बेसनाचे लाडू दिले. १५० यार्डांचं ऐकून तो खरंच चकित झाला, आता त्याच्या मेव्हण्याला दुसऱ्या कोपऱ्यात बसवणार आहे. बाबा दहाला तयार झाले, अट एकच, चहा मात्र साडेसहालाच. डिसेंबरच्या मध्यावर बंदुकीचा सीझन संपला की जॅकेटं माळ्यावर टाकायची ना?

बारा_बोअर
इतक्यात नको. २६ डिसेंबरपासून फ्लिंटलॉकचा सीझन, चकमकीच्या जुन्या बंदुकांचा, आणि तिरंदाजही परत येतात. तो जानेवारीत जातो. आई-बाबा विमानात बसेपर्यंत जॅकेटं दाराजवळच्या खुंटीवरच राहू देत. आणि पुढच्या वर्षी काढाल तेव्हा आधी रंग बघा. उन्हाने फिकटलं असेल तर नवीन घ्या.