शेजारी देशांनी एकत्र येऊन एक राष्ट्र व्हावे का?

मूळ मांडणी

दोन शेजारी देशांनी एक राष्ट्र व्हावे का, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. एका बाजूला सार्वभौमत्व गेले म्हणजे सर्वस्व गेले असे मानणारे लोक असतात, तर दुसऱ्या बाजूला भाषा एक, इतिहास एक, मग देश दोन कशाला असे विचारणारे असतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. माझे मत असे आहे की शेजारी देशांनी जरूर एकत्र यावे, परंतु त्यांतील धाकट्या देशाच्या जनतेने खुल्या सार्वमतात तसे मागितले असेल तरच. मोठ्या देशाने सैन्य पाठवून घडवलेल्या विलीनीकरणाला मी एकीकरण म्हणणार नाही.

न्यूफाउंडलंडचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. आज कॅनडात असलेला हा भूभाग एके काळी कॅनडाच्याच दर्जाचे डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातला स्वशासित देश, होता. कर्जाच्या ओझ्याखाली १९३४ मध्ये तिथले स्वशासन स्थगित झाले आणि कारभार ब्रिटनने नेमलेल्या आयोगाकडे गेला. पुढे १९४८ मध्ये लोकांना विचारण्यात आले. पहिल्या फेरीत तीन पर्याय होते आणि कॅनडात सामील होण्याचा पर्याय दुसऱ्या क्रमांकावर राहिला. कोणत्याच पर्यायाला निर्विवाद बहुमत नसल्यामुळे दुसरी फेरी घ्यावी लागली आणि तिच्यात सामीलीकरणाच्या बाजूने ५२ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली. ३१ मार्च १९४९ रोजी न्यूफाउंडलंड कॅनडाचा प्रांत झाला. बहुमत निसटते होते आणि हरलेल्यांच्या मनातला सल दीर्घकाळ गेला नाही. पण तिथे मतपेटी होती, बंदूक नव्हती.

दुसरे उदाहरण टांझानियाचे. २६ एप्रिल १९६४ रोजी टांगानिका आणि झांझिबार एक झाले, तेव्हा टांगानिकाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी दोन्ही भूभागांतील माती एका पात्रात ओतून मिसळली होती. त्या प्रसंगाचे छायाचित्र पाहिले की आजही मन भरून येते. साठ वर्षे उलटून गेली तरी तो संघ टिकून आहे, आणि झांझिबारला स्वतःचा अध्यक्ष व स्वतःचे प्रतिनिधिगृह आहे.

प्रतिसाद १

मूळ मांडणीतील अट मला मान्य आहे, पण तिथले दुसरेच उदाहरण त्या अटीत बसत नाही, हे नोंदवले पाहिजे. टांगानिका आणि झांझिबार यांच्या एकीकरणासाठी कोणतेही सार्वमत झाले नव्हते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांत न्येरेरे आणि आबेद करुमे या दोन नेत्यांनी करार केला. माती मिसळली, पण ती ज्यांची होती त्यांना कुणी विचारले नाही. झांझिबारला अधिक अधिकार हवेत हा वाद तिथे अजूनही मिटलेला नाही.

माझा विलीनीकरणाला विरोध आहे, आणि तो कुणाचा राष्ट्राभिमान दुखावतो म्हणून नाही. धाकट्या भागीदाराला सुरुवातीला जे वचन दिले जाते, ते पाळण्याचे बंधन मोठ्या भागीदारावर पुढे उरत नाही, हे माझ्या विरोधाचे कारण आहे. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मला कॅमेरूनच्या ध्वजात दिसतो. ब्रिटिश प्रशासनाखालील दक्षिण कॅमेरून्समध्ये फेब्रुवारी १९६१ मध्ये सार्वमत झाले, पण मतपत्रिकेवर नायजेरियात जाणे किंवा फ्रेंच भाषक कॅमेरूनशी जोडले जाणे हे दोनच पर्याय होते. स्वतंत्र राहण्याचा पर्यायच ठेवलेला नव्हता. लोकांनी कॅमेरूनची निवड केली, संघराज्य स्थापन झाले आणि ध्वजाच्या हिरव्या पट्ट्यावर दोन तारे आले. ते दोन घटकराज्यांचे तारे होते. १९७२ मध्ये संपूर्ण देशात सार्वमत घेऊन संघराज्य मोडण्यात आले, म्हणजे धाकट्या घटकाला दिलेले संरक्षण काढून घ्यायचे की नाही, हे मोठ्या घटकाच्या मतसंख्येने ठरवले. १९७५ मध्ये ध्वजावर एकच तारा उरला आणि तोही मधल्या लाल पट्ट्यावर गेला. १९८४ मध्ये देशाच्या नावातून ‘संयुक्त’ हा शब्दही वगळला गेला. इंग्रजी कायदापद्धतीच्या न्यायालयांत फ्रेंच पद्धतीचे न्यायाधीश आणि इंग्रजी शाळांत फ्रेंच भाषक शिक्षक नेमले जातात म्हणून २०१६ मध्ये वकील आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. ते आंदोलन दडपले गेले आणि त्यातून पेटलेल्या सशस्त्र संघर्षात हजारो माणसे मेली.

येमेनचेही तेच झाले. २२ मे १९९० रोजी उत्तर आणि दक्षिण येमेन एक झाले. अध्यक्षपद उत्तरेकडे, उपाध्यक्षपद दक्षिणेकडे आणि राजधानी उत्तरेतील साना येथे. चार वर्षांत यादवी युद्ध झाले आणि उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेतील एडन शहर घेतले. ज्या घरात एका भावाचा शब्द नेहमीच अखेरचा असतो, त्या घरात चूल एक असली म्हणून घर एक असते का?

प्रतिसाद २

आधीच्या प्रतिसादातील तथ्ये मला मान्य आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. ही उदाहरणे एकीकरणाच्या कल्पनेविरुद्धचा पुरावा म्हणून अपुरी पडतात, कारण त्यांच्यात खरा दोष घाईचा आणि दुर्लक्षाचा आहे. सोमालियाकडे पाहावे. ब्रिटिश सोमालीलँड २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाले आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, इटालियन प्रशासनाखालून मुक्त झालेल्या दक्षिणेशी एकरूप झाले. भाषा एक, धर्म एक, लोक एक, त्यामुळे बाकीचे आपोआप जुळेल असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात एकीकरणाच्या कायद्याचा एकच मसुदा दोन्हीकडे मंजूर झालेला नव्हता. एका बाजूचे कारकून इंग्रजीत टिपणे लिहीत, तर दुसऱ्या बाजूचे इटालियनमध्ये. सोमाली भाषेची अधिकृत लिपी ठरायला १९७२ उजाडले. त्याआधीच, एकीकरणाच्या पुढच्याच वर्षी, १९६१ च्या डिसेंबरात, उत्तरेतील तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंडाचा प्रयत्न केला. पाच दिवसांत तर लग्नाची यादीही नीट होत नाही, आणि इथे दोन देशांची न्यायव्यवस्था, सैन्य आणि तिजोरी एकत्र करायची होती.

याउलट १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले तेव्हा स्कॉटलंडची कायदापद्धती आणि त्याचे चर्च वेगळे राहील, हे लेखी ठरले आणि ते आजपर्यंत पाळले गेले आहे. सामान्य स्कॉटिश माणसाला तेव्हा कुणी विचारले नाही आणि एडिनबराच्या रस्त्यांवर दंगे झाले, हे मी लपवत नाही. तरीही २०१४ मध्ये विचारले तेव्हा सुमारे ५५ टक्के मतदारांनी सोबत राहणे पसंत केले. आपली ओळख जपली गेली आहे असे वाटल्याशिवाय तीनशे वर्षांनंतर असे मत पडत नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत, ती म्हणजे सीमेचा त्रास मिटवायचा असेल तर सीमा पुसली पाहिजे. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या हद्दीवर बार्ले नावाचे गाव आहे. तिथे बेल्जियमच्या हद्दीचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या भूमीत विखुरलेले आहेत आणि त्यांतील काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे आहेत. फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांची ओळ आखलेली असते; ती ओळ रस्त्यावरून जाते, दुकानात शिरते आणि घरांच्या भिंतीही भेदून जाते. सीमारेषा घरातून जात असेल, तर पुढचा दरवाजा ज्या देशात उघडतो त्या देशाचे ते घर, असा संकेत आहे. गावाला दोन महापौर आणि दोन नगरपालिका आहेत. एवढे असूनही लोक पारपत्र न दाखवता दिवसभर दोन्ही देशांत ये-जा करतात आणि एकाच चलनात व्यवहार करतात. बेनेलक्स देशांनी (बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग) १९४४ मध्ये जकात संघाचा करार केला, १९८५ मध्ये सीमेवरील तपासणी हटवण्याचा शेंगेन करार झाला, २००२ पासून युरोच्या नोटा हातात आल्या. यांपैकी कशासाठीही कोणाला आपला ध्वज उतरवावा लागला नाही. मग विलीनीकरणाने नेमके अधिक काय मिळते, ते समर्थकांनी सांगावे.

प्रतिसाद ४

अधिक काय मिळते, ते त्याच गावात २०२० च्या साथीत दिसले. बेल्जियमने अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद केली आणि नेदरलँड्सने ती चालू ठेवली. सीमारेषेवर उभ्या असलेल्या एका दुकानाचा बेल्जियमकडील भाग पट्टी लावून बंद करावा लागला, तर उरलेल्या भागात विक्री सुरू राहिली. खुली सीमा ही दोन सरकारांनी दिलेली सवलत असते आणि संकटात ती मागे घेता येते. नागरिकत्व असे मागे घेता येत नाही. शिवाय पूर्व जर्मनीतील सामान्य कामगाराला १ जुलै १९९० रोजी पगार आणि निवृत्तिवेतन एकास एक दराने पश्चिमेच्या मार्कमध्ये मिळू लागले. प्रौढ व्यक्तीच्या ४००० मार्कांपर्यंतच्या बचतीलाही तोच दर होता. शेजारी म्हणून असे कोणी कोणासाठी करत नाही. ते एका देशाचे होणार होते म्हणूनच झाले.

प्रतिसाद १ चे पुढील मत

जर्मनी हे शेजारी देशांचे उदाहरण नव्हेच. १९४९ पर्यंत ज्यांचा एकच देश होता, त्यांची फाळणी १९९० मध्ये मिटली. शिवाय त्या एकास एक दरामुळे पूर्वेकडील कारखान्यांचा उत्पादनखर्च एका रात्रीत परवडेनासा झाला आणि लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. आत येताना सार्वमत हवे, यावर आपले एकमत आहे. बाहेर पडताना काय? नॉर्वेने १९०५ मध्ये स्वीडनशी असलेला संघ मोडला तेव्हा सार्वमतात ३,६८,२०८ मते वेगळे होण्याच्या बाजूने आणि अवघी १८४ विरोधात पडली, आणि दोन्ही देश युद्धाविना वेगळे झाले. त्यांना हे जमले, कारण नॉर्वेची स्वतःची संसद आणि स्वतःची राज्यघटना संघातही शाबूत होती. ज्यांनी सर्व काही एकत्र करून टाकले, त्यांना वेगळे होताना वापरायला हातात काहीच उरत नाही. दक्षिण येमेनने १९९४ मध्ये वेगळे होण्याची घोषणा केली, तेव्हा ती रणांगणावरच चिरडली गेली.

धागाकर्त्याचे उत्तर

टांझानियाबद्दलची चूक मी मान्य करतो. ते उदाहरण माझ्याच अटीत बसत नाही आणि त्या छायाचित्राच्या ओढीने मी ते पुढे केले. कॅमेरूनबद्दल वाचल्यावर माझी अटही अपुरी होती हे माझ्या लक्षात आले. एकदाच विचारून पुरत नाही, आणि जे संरक्षण धाकट्या घटकासाठी लिहिलेले असते ते बदलताना मते फक्त त्याच घटकात मोजली गेली पाहिजेत.

बाहेर पडण्याच्या मार्गाबद्दल मात्र मला सेंट किट्स आणि नेव्हिस या कॅरिबियन देशाकडे लक्ष वेधायचे आहे. १९८३ च्या त्यांच्या राज्यघटनेत नेव्हिस या धाकट्या बेटाला वेगळे होण्याचा हक्क दिलेला आहे. त्यासाठी नेव्हिसच्या विधानसभेत दोन तृतीयांश आणि नंतर नेव्हिसच्याच मतदारांत दोन तृतीयांश मते हवीत. दरवाजा उघडा ठेवला तर घर मोडेल, असे म्हटले जाते. तो दरवाजा १९९८ मध्ये खरोखर वापरून पाहिला गेला. विधानसभेने ठराव केला, ऑगस्टमध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला. दोन तृतीयांशाला ते थोडेसे कमी पडले, म्हणून नेव्हिस संघातच राहिले. गोळी झाडली गेली नाही, कुणाला तुरुंगात टाकले नाही, आणि ते कलम आजही त्या राज्यघटनेत आहे. कोणत्याही दोन शेजारी देशांच्या एकीकरणाच्या मसुद्यात असे कलम नसेल, तर मी त्याच्या विरोधात मत देईन.