मदत हवी आहे : आईचं 'बरी आहे' फोनवर कसं ओळखायचं?

आई लांब राहते. रोज फोन होतो. ती "बरी आहे गं" म्हणते, मी निश्चिंत होते. मागच्या भेटीत हेच वाक्य म्हणताना ती एका हाताने गुडघा चोळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. आवाज मात्र अगदी रोजच्यासारखा! तेव्हापासून फोन ठेवला की मला चैन पडत नाही.

शिवाय आम्ही सारख्या एकमेकींचं बोलणं तोडतो. समोरासमोर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात म्हणे. फोनवर आवाज जरा उशिरा पोचला की दोघी एकदम बोलतो, मग दोघीही गप्प. साध्या फोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झएवढाच आवाज जातो, त्याहून उंच पट्टीचा भाग गळतो, म्हणून 'स' आणि 'फ' तिला सारखेच वाटतात. समोर असले की ती माझ्या ओठांवरून ओळखते.

व्हिडिओ कॉल तिला नकोच असतो.

तुमच्यापैकी कुणी केवळ आवाजावरून माणसाचं दुखणं ओळखायला शिकलंय का? श्वास, बोलण्याचा वेग, मधली शांतता, नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं? आणि 'कशी आहेस' ऐवजी काय विचारलं की ती मोकळी होईल?