मदत हवी आहे: माहितीची प्लेट नसलेल्या ट्रान्सफॉर्मरचे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर, म्हणजे तो किती भार पेलेल) कसे काढायचे?

मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारातून एक ट्रान्सफॉर्मर उचलला. वजन चार किलोला थोडं कमी. प्लेट नाही, स्टिकर नाही, विकणाऱ्याचं उत्तर एकच: "भारी माल आहे." 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून आधी तपासला, बल्ब लागला नाही, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग थेट 230 व्होल्ट दिले. सेकंडरीला, म्हणजे आउटपुटच्या गुंडाळीला, 12.9-0-12.9 मिळतात (मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना 12.9 व्होल्ट).

घरच्या इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीसाठी चार्जर करायचाय, 10 अँपियरचा. पण हिशेब दोन बाजूंनी केला आणि अडकलो.

कोअरवरून (लोखंडी पट्ट्यांचा गाभा): मधली दांडी 3.8 सेंमी, पट्ट्यांची थप्पी 5 सेंमी, म्हणजे 19 चौसेंमी. पट्ट्यांमधलं वार्निश-फटी वजा करून 17.5 धरले. नेहमीच्या सूत्राने 17.5 भागिले 1.15, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण 230 व्हीए.

तारेवरून: सेकंडरीच्या टोकाचं इनॅमल खरवडून व्हर्नियरने मोजली, 1.6 मिमी. क्षेत्रफळ 2 चौमिमी. चौमिमीला अडीच अँपियर धरले तर 5 अँपियर, गुणिले 24 (दोन्ही अर्धे मिळून), म्हणजे 120 व्हीए.

जवळजवळ दुप्पट फरक! खरं कुठलं मानू?

प्रतिसाद:
120 माना. 1.15चं सूत्र पूर्ण भरलेल्या खिडकीसाठी (कोअरमधली तारेची जागा) आणि बऱ्या पट्ट्यांसाठी आहे. हलक्या पट्ट्या असल्या की बनवणारा फ्लक्स (कोअरमधलं चुंबकत्व) कमी ठेवून कोअर मोठा घेतो. बॉबिनशेजारी (तार गुंडाळलेलं रीळ) खिडकीत मोकळी जागा दिसते का बघा. दिसली तर तांबंच कमी भरलंय.

तुमचं 24 ने गुणणं बरोबर आहे, अनेक जण इथे 12 धरून अर्धंच उत्तर काढतात. पण 10 अँपियर विसरा. दोन डायोड लावले की दोन्ही अर्धे आळीपाळीने चालतात, तरी बॅटरीला करंट झटक्यांनी जातो आणि तार जास्त तापते. 5-6च्या वर जाऊ नका.

खात्री हवी तर गाडीचे दोन 60 वॅटचे हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये करून दोन टोकांना लावा, सेंटर टॅप (मधलं टोक) मोकळा. दीड तास चालवा. व्होल्टेज किती पडतं ते लिहा. आणि हात लावायच्या आधी मेन बंद करा, प्लीज.

धागाकर्ता:
केलं. 25.8 वरून 23.7, म्हणजे 8 टक्के घट. दीड तासाने कोअर चांगला गरम, पण हात टेकवून ठेवता येत होता. बॉबिनशेजारी करंगळी जाईल एवढी जागा रिकामी आहे, तुमचं बरोबर निघालं.

चार्जर 5 अँपियरचाच करतो. बॅटरी भरायला दुप्पट वेळ लागेल, लागू दे. रविवारी बाजारात पुन्हा चक्कर आहे, या वेळी व्हर्नियर खिशात.